योरुबांची पितृसोंगे आणि त्यांची रंगभूमी



१८२६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात पश्चिम आफ्रिकेतील ओयो राज्याच्या राजधानीत एक नाटक झाले. ह्यू क्लॅपर्टन नावाचा एक स्कॉटिश दर्यावर्दी कप्तान आणि त्याचा नोकर रिचर्ड लँडर हे दोघे त्या वेळी तेथे राजाचे पाहुणे होते. राजाने त्यांना खेळ पाहण्यास बोलावले. राजवाड्यालगतचे मोकळे आवार हेच नाटकगृह, आणि गावातील झाडून सारी माणसे हेच प्रेक्षक. पहिल्या भागात अंगभर पोती ओढलेली माणसे नाचली, कोलांट्या मारू लागली. दुसऱ्या भागात पोत्यांच्या त्या घोळक्यातून एक भला मोठा अजगर वळवळत बाहेर आला. अर्थात कापडाचा, आत माणूस असलेला. आणि तिसऱ्या भागात पोते हळूहळू खाली सरकले, तो आतून निघाले एक ‘गोरे भूत’! पांढरेफटक, हडकुळे, थंडीने गारठलेले. ते मधूनमधून तपकीर ओढी, हातावर हात चोळी, आणि बर्फावर प्रथमच अनवाणी चालणाऱ्या माणसासारखी अवघडलेली पावले टाकी. लोक हसून बेजार झाले आणि मान वळवून क्लॅपर्टनकडे पाहू लागले, की बुवा, साधले आहे की नाही? त्या भल्या गृहस्थाने आपल्यालाही मोठी मौज वाटल्याचे दाखविले. पुढच्याच वर्षी तो सोकोटो येथे वारला. त्याची रोजनिशी १८२९ साली छापली गेली आणि तिच्यामुळे हा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचला.

ही हकीकत मी मुद्दाम आरंभी सांगितली. आफ्रिकेत नाटक गेले ते युरोपियनांबरोबर, शाळांतून आणि चर्चमधून, असा एक समज पुष्कळ दिवस रूढ होता. परंतु १८२६ साली योरुबा मुलखात मिशनऱ्यांनी पाऊलही टाकलेले नव्हते. नाटक आधीपासून होते. त्यात गोऱ्या माणसाचे पात्र तेवढे नवे आले होते. आज मला ह्याच नाटकाची कुळकथा आपल्यापुढे मांडावयाची आहे. पितरांच्या पूजेतून ते कसे निघाले, दरबारातून रस्त्यावर, रस्त्यावरून मोटारलॉरीत आणि लॉरीतून पडद्यावर कसे गेले, आणि आज प्रत्येकाच्या हातातील छोट्याशा दूरध्वनीवर ते दिसू लागल्यावर त्याचे काय राहिले व काय गेले, हा आपला विषय.

१

योरुबा लोकांची वस्ती मुख्यतः नायजेरियाच्या नैऋत्य भागात आणि लगतच्या बेनिन देशात आहे. हे लोक फार पूर्वीपासून मोठाली गावे व नगरे वसवून राहणारे. ओयो, इफे, इबादान, अबेओकुटा ही त्यांची नामांकित शहरे. त्यांच्या समजुतीप्रमाणे मेलेला पूर्वज घराण्याशी संबंध तोडून जात नाही. वर्षातून ठरलेल्या दिवसांत तो परत येतो, मुलाबाळांना आशीर्वाद देतो, कज्जेदलाली तोडतो, चुकलेल्याला चार शब्द सुनावतो. ह्या परत आलेल्या पितराला ‘एगुंगुन’ म्हणतात.

तो येतो कापडातून. मुखवटा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाकडी चेहरा येतो. पण येथे महत्त्व आहे ते वस्त्राचे. डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्यांवर पट्ट्या शिवलेल्या, डोळ्यांपुढे जाळी, हातपाय झाकलेले. आतल्या माणसाचे नखसुद्धा दिसता कामा नये. घराण्यातली माणसे वर्षानुवर्षे त्यावर नवे थर चढवीत जातात. म्हणजे ते वस्त्र एका परीने घराण्याची वंशावळच होय. एगुंगुन गिरकी घेऊ लागला की ह्या साऱ्या पट्ट्या वाऱ्यावर उठतात आणि त्याच्याभोवती वादळ फिरते आहे असे वाटते. तो बोलतो घोगऱ्या, घशातून काढलेल्या आवाजात, कारण मेलेल्याचा आवाज जिवंतासारखा कसा असेल? बरोबर चाबूकवाली तरुण पोरे असतात, आणि गर्दी पळते, हसते, पुन्हा जवळ येते.

आत माणूस आहे हे लोकांना ठाऊक नसते काय? असते, पण ते बोलावयाचे नसते. विशेषतः स्त्रियांनी ते गुपित जाणता कामा नये असा दंडक आहे. मात्र ह्याच मंडळात एका स्त्रीला ‘इया आगान’ ही पदवी असते आणि तिच्यापासून काही लपविलेले नसते. गुपित सर्वांना ठाऊक असूनही ते सर्वांनी मिळून राखावयाचे, ह्यातच त्या विधीचे बळ आहे. आपल्याकडे ठाणे-नाशिकच्या बाजूला बोहाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे समजण्यास अडचण पडू नये. देवतेचा मुखवटा चढविलेला माणूस काल कोण होता हे गावाला माहीत असते, तरी लोक त्याच्या पाया पडतातच.

वस्त्र आणि माणूस ह्यांच्यातील हा करार मोडला म्हणजे काय होते, ते वोले शोयिंका ह्यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ ह्या नाटकात दाखविले आहे. त्यात एक इंग्रज जिल्हाधिकारी आणि त्याची बायको जप्त केलेली एगुंगुनची वस्त्रे चढवून एका नाचाच्या मेजवानीला निघालेली असतात. त्यांच्या लेखी तो नुसता विचित्र पोशाख. पण त्यांच्या हाताखालचा योरुबा हवालदार धर्मांतर केलेला असूनही गांगरतो. मृत्यूचे वस्त्र अंगावर असलेल्या माणसापाशी मृत्यूविषयी बोलायचे कसे, हा त्याचा पेच. साहेबाला त्याची भीती हास्यास्पद वाटते. कोणाची समज अपुरी होती, हे नाटक संपताना प्रेक्षकाला कळते.

२

आता पितराच्या पूजेतून करमणूक कशी निघाली? ह्या प्रश्नाचा कसून अभ्यास इबादान विद्यापीठातील जोएल आडेडेजी ह्यांनी १९६९ सालच्या आपल्या प्रबंधात केला. त्यांनी एका जुन्या आख्यायिकेला महत्त्व दिले आहे. ही आख्यायिका सॅम्युएल जॉन्सन ह्यांच्या योरुबांच्या इतिहासातही आहे. ती अशी.

शत्रूच्या स्वारीमुळे ओयोचे राजे आपली राजधानी सोडून इग्बोहो येथे काही पिढ्या राहिले. पुढे एका राजाने जुन्या राजधानीत परतण्याचा बेत केला. सरदारांची मात्र नव्या गावी घरेदारे, शेतीवाडी झालेली. त्यांना हलावयाचे नव्हते. राजाने जुन्या जागेची पाहणी करण्यास माणसे पाठविली, तेव्हा सरदारांनी गुपचूप आपली सहा माणसे पुढे धाडली. एक कुबडा, एक पांढऱ्या कोडाचा, एक महारोगी, एक ठेंगू, एक पांगळा आणि एक पुढे आलेल्या जबड्याचा. रात्री हे सहाजण टेकडीवर मशाली घेऊन ओरडू लागले. पाहणी करणाऱ्यांनी भुते पाहिली असे समजून पळ काढला. राजा मोठा सावध. त्याने निवडक शिकारी पाठवून ती भुते पकडून आणली आणि कोणाला काही कळू दिले नाही. मग दरबार भरला, आणि प्रत्येक सरदारापुढे त्याच्याच भुताच्या हातून मद्याचा तुंबा आला! सरदारांनी काय ते ओळखले आणि परतण्याला रुकार दिला. तो राजा ‘भुते पकडणारा’ म्हणून प्रसिद्ध झाला.

आख्यायिकेतले अक्षर न् अक्षर इतिहास म्हणून घ्यावे असे नाही. पण तिचे मर्म पाहा. भुताचे सोंग आणून सत्तेला भिवविण्याचा डाव, आणि तेच सोंग उघडे पाडून केलेली सत्तेची थट्टा. योरुबा नाटकाचे बीज ह्या दोहोंत आहे. परंपरा असे सांगते की ही सहा सोंगे पुढे दरबारी खेळातील ठराविक पात्रे झाली आणि ओलोग्बोजो घराण्याने हा खेळ चालविला. पुढे ह्या घराण्यातून आणि इतरांतून धंदेवाईक मंडळ्या निघाल्या. त्या गावोगाव फिरत. लोक त्यांना ‘आलारिंजो’, म्हणजे चालता चालता नाचणारे, असे म्हणू लागले. हा शब्द प्रथम हिणविण्यासाठी वापरला गेला. भटक्या कलावंताला जगाने आधी शिवी द्यावयाची आणि मग तीच त्याची पदवी व्हावयाची, हे काही एकाच देशात घडलेले नाही.

त्यांच्या खेळाचा क्रम ठरलेला असे. ढोल वाजू लागले की प्रथम ‘इजुबा’: पितरांना, गुरूंना, थोरांना वंदन. आपल्या तमाशातल्या गणाची आठवण व्हावी असा हा भाग. मग नाच, मग सोंगे, आणि शेवटी समारोपाचा नाच. सोंगांचे दोन प्रकार. एक चमत्काराचे: बघता बघता नट अजगर होतो, सुसर होते, बिबळ्या होतो. दुसरे माणसांचे: दारुडा, वेश्या, परमुलखातला शिपाई, पोलीस. आणि क्लॅपर्टनने पाहिलेला गोरा माणूस तर कधी गेलाच नाही. इंग्रजी राज्य आल्यावर त्याचे नाक अधिक लांब आणि टोकदार झाले, डोक्यावर माकडाच्या कातडीचे सरळ केस आले, आणि तो हस्तांदोलन करू लागला, कागदावर काही तरी खरडू लागला, मडमेला कवटाळून नाचू लागला. ज्यांच्यावर राज्य केले जात होते ते राज्यकर्त्यांकडे कसे पाहत होते, ह्याचा पुरावा सरकारी दप्तरात सापडणार नाही. तो ह्या लाकडी नाकात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जुने ओयो उद्ध्वस्त झाले. राजाश्रय गेला; पण माणसे दक्षिणेकडे पांगली आणि त्यांच्याबरोबर मंडळ्याही पांगल्या. ज्या आपत्तीने राज्य बुडविले तिनेच नाटक साऱ्या मुलखात पोहोचविले.

३

त्यानंतर दोन मोठ्या धर्मांचा जोर वाढला. इस्लामला चित्र-सोंग मानवत नव्हते, आणि मिशनऱ्यांच्या दृष्टीने एगुंगुन ही मूर्तिपूजा होती. बाटलेल्या कुटुंबातील मुलांनी सोंगाच्या मागे धावणे हे पाप ठरले. तरीही आश्चर्य असे की अर्वाचीन योरुबा रंगभूमीचा जनक चर्चमधूनच पुढे आला.

ह्यूबर्ट ओगुंडे ह्यांचा जन्म १९१६ साली इजेबू-ओडेजवळच्या ओसोसा गावी झाला. लहानपणी ते सोंगवाल्या मंडळ्यांच्या मागे हिंडले, त्यांच्यात ढोल वाजविला. पुढे शिक्षक झाले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले, आणि मग पोलीस खात्यात शिपाई झाले. १९४४ साली लागोसच्या ग्लोव्हर मेमोरियल हॉलमध्ये त्यांनी चर्चसाठी एक संगीत नाटक केले. विषय बायबलातील आदम आणि हव्वा ह्यांचा. परंतु चाली, नाच आणि ढोल योरुबा. लोकांनी ते उचलून धरले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःची धंदेवाईक मंडळी काढली आणि नोकरीला रामराम ठोकला.

आलारिंजो नटांची थट्टेखोर दृष्टी ह्या माजी शिपायाने वारशात घेतली होती. १९४५ साली नायजेरियात मोठा सार्वत्रिक संप झाला. त्यावर ओगुंडे ह्यांनी ‘स्ट्राइक अँड हंगर’ रचले, आणि जोस शहरात पोलिसांनी त्यांना अडवून दंड केला. १९४९ साली एनुगूच्या कोळसा खाणीत पोलिसांच्या गोळीबारात २१ मजूर मेले. त्यावर १९५० साली ‘ब्रेड अँड बुलेट’ आले. स्वातंत्र्य १९६० साली मिळाले, पण सरकारची कातडी जाड झाली नाही. १९६४ साली ‘योरुबा रोनू’ (अर्थ: योरुबांनो, विचार करा) हे नाटक आपसांत भांडणाऱ्या पुढाऱ्यांना इतके झोंबले की पश्चिम प्रांताच्या सरकारने मंडळीवर बंदी घातली. ती उठली १९६६ साली, ते सरकार गेल्यावर.

ओगुंडे ह्यांच्या मंडळीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पितृसोंगात स्त्री वर्ज्य. ओगुंडे ह्यांनी मात्र रंगमंचावर स्त्रिया आणल्या. परंतु नटीला समाजात मान नव्हता, आणि लग्न झाले की ती मंडळी सोडून जाई. ओगुंडे ह्यांनी ह्यावर काढलेला उपाय असा, की त्यांनी आपल्या नटींशी स्वतःच लग्ने लावली! आज आपण ह्याला काय म्हणू ते म्हणू. पण मंडळी टिकली, आणि तिचा भार ह्या स्त्रियांनी वाहिला, हे नोंदविले पाहिजे.

नाटकाचा आरंभ ते एका समूहनृत्याने करीत. आलारिंजोंचा इजुबाच तो, इंग्रजी नाव घेऊन विजेच्या दिव्यांत उभा राहिलेला. त्यांच्या मागोमाग ड्युरो लाडिपो आले. ओयोच्या शांगो राजाची कथा त्यांनी १९६३ साली ‘ओबा कोसो’ म्हणून रंगविली आणि १९६४ साली ती बर्लिनच्या नाट्यमहोत्सवात गाजली. विनोदी मोझेस ओलाइया ऊर्फ बाबा साला आले. पुढे पुढे अशा फिरत्या मंडळ्या शंभराहून अधिक झाल्या. रंगविलेल्या लॉऱ्या, वर कर्णे, आत नट, त्यांची मुलेबाळे आणि पेटारे. लिहिलेली संहिता बहुधा नसे. कथेचा सांगाडा ठरलेला, संभाषण त्या रात्रीच्या प्रेक्षकांनुसार.

४

आता यंत्रांकडे वळू. इबादान येथे १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली आणि मंडळ्यांनी तिला घाबरून न जाता तीत शिरकाव केला. १९७६ साली ‘अजानी ओगुन’ हा योरुबा बोलपट निघाला. त्यात फिरत्या मंडळ्यांतलेच नट होते. ओगुंडे ह्यांनी ‘आइये’ (१९७९) पासून चित्रपट काढले. सोंगातला माणूस बघता बघता अजगर होई, तो चमत्कार आता कॅमेऱ्याच्या करामतीने होऊ लागला. लोक पूर्वीसारखेच थक्क झाले.

पण यंत्राबरोबर यंत्राचा चोरही येतो. बाबा साला ह्यांनी कर्ज काढून ‘ओरुन मूरू’ (१९८२) हा चित्रपट काढला. त्याच्या चोरट्या प्रती बाजारात गेल्या आणि त्या कर्जाने हा हसविणारा माणूस पार बुडाला. आलारिंजो नटाचा खेळ चोरता येत नसे. तो पाहावयाचा तर त्याच्यासमोर उभे राहावे लागे. खेळ फितीवर उतरला त्या दिवशी तो विकता येऊ लागला, आणि त्याच दिवशी चोरताही येऊ लागला.

१९८६ नंतर नायजेरियाचे नाणे घसरले, फिल्म परवडेना, आणि रात्री घराबाहेर पडण्याची लोकांना धास्ती वाटू लागली. मग साध्या व्हिडिओ फितीवर नाटकेवजा चित्रपट निघू लागले. त्यांत आरंभी पुढाकार फिरत्या मंडळ्यांतील योरुबा नटांचाच होता. १९९२ सालच्या इग्बो भाषेतील ‘लिव्हिंग इन बाँडेज’ने ह्या धंद्याला भरभराट आली. युनेस्कोच्या पाहणीप्रमाणे २००६ साली भारतात १,०९१, नायजेरियात ८७२ आणि अमेरिकेत ४८५ कथाचित्रे निघाली. म्हणजे ह्या हिशेबात आपल्या खालोखाल जगात नंबर लागला तो लॉऱ्यांतून हिंडणाऱ्या नटांच्या देशाचा. फिरत्या मंडळीतून चित्रपटात गेलेले अडेयेमी अफोलायन ह्यांचे चिरंजीव कुन्ले ह्यांनी ओयोच्या जुन्या राज्यावर काढलेला ‘अनिकुलापो’ २०२२ साली इंटरनेटवरून एकाच वेळी जगभर दाखविला गेला. शोयिंकांच्या त्या नाटकाचाही योरुबा भाषेतील चित्रपट त्याच वर्षी आला.

५

तर मग हा विजयाचाच इतिहास म्हणावयाचा का? येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे.

सोंग यंत्राने मरते असे मला वाटत नाही. बेनिन-नायजेरियाच्या सीमेवर ‘गेलेदे’ नावाची सोंगे आहेत. वृद्ध मातांच्या गूढ सामर्थ्याला संतुष्ट करण्यासाठी पुरुष स्त्रीवेषात नाचतात. त्यांच्या मुखवट्यांच्या माथ्यावर कोरलेल्या देखाव्यांत शिवणयंत्रे आणि मोटारसायकली कधीच येऊन बसल्या आहेत. गेलेदेला २००८ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. समुद्रालाही सोंग भ्याले नाही. गुलामांच्या गलबतांतून एगुंगुन ब्राझीलला गेला आणि बाहियातील इतापारिका बेटावर तो आजही येतो. ज्यांच्या अंगावर धड वस्त्र राहू दिले नव्हते त्यांनी पितरांचे वस्त्र पुन्हा शिवले.

माझी शंका वेगळी आहे. २०१९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने एकाच एगुंगुन वस्त्राचे प्रदर्शन भरविले. त्यात आफ्रिका, युरोप आणि आशिया येथील तीनशेहून अधिक कापडे शिवलेली होती. केवढा इतिहास त्या एका पोशाखात! पण ते वस्त्र काचेमागे स्थिर उभे होते. उलट दूरध्वनीच्या पडद्यावर वस्त्र फिरते, ढोल ऐकू येतो, पण तेथेही एक गोष्ट नसते. योरुबा ढोल बोलका असतो. तो तुमच्या दारापुढे आला की तुमच्या आजोबा-पणजोबांची बिरुदे वाजवून तुम्हाला हाक मारतो, आणि एगुंगुन ती तोंडाने म्हणतो. ज्याची बिरुदे गाइली तो छाती पुढे काढतो, डोळे पुसतो, खिशात हात घालतो. चित्रफितीतला ढोल वाजतो तो दुसऱ्या कोणाच्या पणजोबासाठी. पाहणारा लाखात एक असेल, पण त्याला हाक मारलेली नसते.

गुपिताचेही तसेच. इबादानचा ओलोलू नावाचा एगुंगुन फार उग्र मानतात. स्त्रियांनी तो पाहावयाचा नाही. तो निघाला की रस्त्यातल्या बाया आडोशाला जातात. ह्या दंडकाला रस्ता ठाऊक आहे, दार ठाऊक आहे. पण परदेशी दिवाणखान्यात बसून हातातल्या काचेवर तो पाहणारी मुलगी ठाऊक नाही. तिने दंडक मोडला काय? हा दंडक अन्यायाचा आहे, तो जावा, असे म्हणणाऱ्या योरुबा स्त्रियाही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु एखादी रूढी वाद घालून मोडणे वेगळे, आणि कोणी काही न बोलता ती आपोआप निरर्थक होणे वेगळे. पहिल्यात समाज वयाने वाढतो. दुसऱ्यात त्याला आपले काय हरवले हेच कळत नाही.

म्हणून मला वाटते, चित्रफिती काढू नयेत असे म्हणण्यात हशील नाही. फार तर असे म्हणावे की चित्रफीत ही आठवण आहे, भेट नव्हे. दूर गेलेल्या लेकराला ती गावची आठवण देईल. पण पितराची भेट घ्यावयाची तर गावी जावे लागेल, आणि गावाने तोपर्यंत सोंग उभे ठेवावे लागेल. वस्त्राला नवा थर चढविणारे हात, ढोलावर बिरुदे वाजवू शकणारी बोटे, आणि ती ऐकून आपली ओळख पटणारे कान, ही तीन जिवंत असतील तोवर पडदा कितीही लहान झाला तरी चिंता नाही. ती गेली तर पडदा कितीही मोठा असून उपयोग नाही.

ओयोच्या त्या दुपारी लोकांनी मान वळवून क्लॅपर्टनकडे पाहिले होते. तो नुसता प्रेक्षक राहिला नव्हता. खेळाने त्याला आत ओढले होते. त्याला हसावे लागले, आणि हसता हसता स्वतःला पाहावे लागले. सोंग आपण पाहतो एवढ्यावर भागत नाही. सोंगानेही आपल्याकडे पाहावे लागते. योरुबांच्या ह्या दीर्घ परंपरेतून मला एवढे शिकण्यासारखे वाटले, ते आपणांपुढे ठेवले.